जांभळाची सावली आणि समोरचे शेत

विद्यालयाच्या या स्मरणिकेत परीक्षांचे निकाल असतील, क्रीडास्पर्धांतील यश असेल, नव्या इमारतीची स्वप्ने असतील. ते सारे अभिमानास्पद आहे. परंतु या निमित्ताने एका लहानशा भासणाऱ्या प्रश्नाकडे माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांचे लक्ष वेधावे, असे मला वाटते. निवासी शाळेतील मुलामुलींनी रोजच्या वेळापत्रकातील थोडा वेळ झाडाझुडपांच्या सान्निध्यात, शांत चित्ताने, जागरूकतेने घालवावा काय? आणि घालवावा, तर तो कशासाठी?

प्रश्न साधा दिसतो. परंतु आपल्यासारख्या संस्थेत त्याचे उत्तर साधे नाही. त्यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही आक्षेप आपल्याच माणसांचे आहेत.

पहिला आक्षेप पालकांचा. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पाड्यांवरून जे आईबाप मुलाला वसतिगृहात आणून सोडतात, त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग माती, गवत, लाकूडफाटा आणि परक्यांच्या वाड्या यांतच गेलेला असतो. मुलाने त्यातून बाहेर पडावे, याचसाठी त्यांनी त्याला दूर ठेवण्याचे दुःख पत्करलेले असते. शाळेतही त्याला पुन्हा झाडाखालीच बसवायचे, त्याच्या हाती खुरपेच द्यायचे, तर मग शाळा कशाला, असे त्यांनी विचारले तर त्यात चूक काय?

दुसरा आक्षेप चळवळीतील कार्यकर्त्यांचा. डोळे मिटून बसणाऱ्याला अन्याय दिसत नाही, अशी त्यांना शंका आहे. निसर्गाचे गोडवे गाणाऱ्या साहित्याविषयीही त्यांच्या मनात अढी आहे आणि ती अकारण नाही. ज्या गावच्या वनश्रीची वर्णने पाठ्यपुस्तकांत वाचली, त्याच गावच्या पाणवठ्यावर आपल्या पूर्वजांना ओंजळभर पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यावे लागले, ते तहान भागविण्यासाठी नव्हे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी खेड्याविषयीच्या भाबड्या प्रेमावर जे कठोर प्रहार केले, ते आपल्यापैकी अनेकांनी वाचलेले आहेत. निसर्ग सर्वांचा आहे, हे वाक्य सुंदर आहे. परंतु या देशाच्या इतिहासात ते फार काळ खरे नव्हते.

हे दोन्ही आक्षेप बाजूला सारून ध्यानाचे गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्यांना उत्तर द्यायचे, तर ते तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या विचारातच शोधले पाहिजे. माझ्या मते ते एका जांभळाच्या झाडाखाली सापडते.

मज्झिमनिकायातील महासच्चक सुत्तात तथागत आपल्या साधनेची हकीकत सांगतात. अतिशय कठोर देहदंडाने शरीर झिजले, पण बोध झाला नाही. तेव्हा त्यांना बालपणीचा एक प्रसंग आठवला. पिता शेतीच्या कामात असताना आपण जांभळाच्या गार सावलीत बसलो होतो आणि तेथे मन सहजपणे प्रसन्न आणि एकाग्र झाले होते. हाच बोधाचा मार्ग असू शकेल काय, असा विचार त्यांच्या मनात आला. मग त्यांनी उपवास सोडला, अन्न ग्रहण केले. म्हणजे बुद्धत्वाकडे जाणारे वळण एका झाडाखालच्या आठवणीतून मिळाले. बौद्ध परंपरेतील झाडांचे स्थान येथून ध्यानात येते. लुंबिनीचा शाल, उरुवेलेचा पिंपळ, कुशीनाऱ्याचे जुळे शालवृक्ष हे आपल्याला पाठ असतात. हे जांभूळ मात्र आपण विसरतो.

आता बाबासाहेबांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ उघडावा. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर तो मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थाच्या बालपणाचे वर्णन करताना बाबासाहेब त्याच शेताकडे पाहतात, पण त्यांना तेथे आणखी कोणी दिसते. सिद्धार्थ मित्रांबरोबर वडिलांच्या शेतावर जातो. तेथे अंगभर वस्त्रही नसलेले मजूर रणरणत्या उन्हात जमीन नांगरीत आहेत, बांध घालीत आहेत, झाडे तोडीत आहेत. एकाने राबावे आणि दुसऱ्याने त्याच्या श्रमांचे फळ भोगावे, हे न्याय्य कसे, असा प्रश्न तो मित्रांना विचारतो. याच ग्रंथात सिद्धार्थ ध्यानही करतो. बाबासाहेबांनी ध्यान वगळले नाही आणि मजूरही वगळला नाही. जांभळाची सावली आणि समोरचे शेत ही दोन्ही त्यांनी एका चित्रात ठेवली.

मला या लेखात जे सांगावयाचे आहे, ते एवढेच. झाडाखाली बसल्यावर समोरचे शेत दिसू लागले, तर ते बसणे धम्माचे आहे. सावलीत बसून शेत दिसेनासे होत असेल, तर ती केवळ विश्रांती आहे. विश्रांतीही माणसाला हवी. मात्र तिला प्रज्ञा म्हणू नये.

आपल्या परिसरात हे शेत कोणते? डोंगरउतारांवरील गवताचे उदाहरण घेऊ. पावसाळ्याअखेर डहाणू-तलासरीच्या माळांवर कमरेएवढे गवत डोलू लागते. महामार्गावरून जाणारा प्रवासी गाडी थांबवून त्याची छायाचित्रे घेतो. इतिहासाच्या अभ्यासकाला त्या गवतात १९४५ साल दिसते. त्या काळी येथील वारली वेठबिगारीत जखडलेले होते. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही त्याचे बंदे होत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची मोठी सभा भरली आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. गवतकापणीचा हंगाम आला, तेव्हा पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी मिळावी, ही मागणी पुढे आली आणि संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी हुतात्मा झाले. या लढ्याची कहाणी गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. १९७२ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

त्या पुस्तकाच्या नावाकडे लक्ष द्यावे. बुद्ध या शब्दाचा अर्थही जागा झालेला असाच आहे. लढ्याची विचारधारा वेगळी होती, तिचे धम्माशी नाते जोडण्याची घाई मी करणार नाही. परंतु जागे होणे म्हणजे जे आहे ते आहे तसे दिसू लागणे, हा अर्थ दोन्हीकडे आहे. रोज कापावयाच्या गवताकडे वारल्याने एके दिवशी नीट पाहिले आणि त्या भाऱ्यात स्वतःचा घाम किती आणि त्याला मोल किती, हे त्याला उमगले. पालकांच्या आक्षेपाचे उत्तर येथे आहे. मुलाने गवताकडे परतावे असे कोणीही म्हणत नाही. वेठीचे गवत आणि पाहण्याचे गवत यांत अंतर आहे. आईबापांना ज्याकडे मान वर करून पाहायला उसंत मिळाली नाही, त्याकडे मुलाने ताठ मानेने, प्रश्न विचारीत पाहावे, हे शाळेचे काम आहे.

कार्यकर्त्यांच्या आक्षेपासाठी आपल्याच जिल्ह्यातील एका जुन्या माणसाची साक्ष काढतो. त्याचे नाव बाहिय. पाली उदानात त्याची कथा आहे. तो सुप्पारक येथे, समुद्रकिनारी राहत असे. सुप्पारक म्हणजे सोपारा, आजच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपारा. त्याला दारुचीरिय म्हणत, कारण तो झाडाच्या सालींचे वस्त्र नेसत असे. अट्ठकथा सांगते की जहाज फुटून तो किनाऱ्याला लागला. अंगावर काही नव्हते, म्हणून त्याने साली गुंडाळल्या. लोकांना तो मोठा साधू वाटला. मानसन्मान मिळू लागला आणि हळूहळू त्यालाही आपण अर्हत असल्याचे वाटू लागले. पुढे, तू अर्हत नाहीस आणि अर्हतपदाचा मार्गही तुला ठाऊक नाही, हे सत्य त्याला सांगितले गेले. तेव्हा तो तडक निघाला, मोठी मजल मारून श्रावस्तीला पोचला आणि भिक्षाटनास निघालेल्या तथागतांना त्याने रस्त्यातच गाठले. तथागतांनी त्याला जो उपदेश केला, त्याचा आशय असा, की पाहताना केवळ पाहावे, ऐकताना केवळ ऐकावे. त्यात ‘मी’ आणि ‘माझे’ यांची भर घालू नये. सम्यक स्मृतीचा इतका थेट आणि संक्षिप्त पाठ तिपिटकात क्वचितच आढळतो आणि तो मिळविणारा माणूस आपल्या किनाऱ्यावरचा होता.

या कथेचा बोध आजच्या काळाला फार लागू पडतो. बाहियाने झाड अंगावर पांघरले होते. तरीही तो जागा झालेला नव्हता. त्याला जाग आली, ती स्वच्छ पाहण्याने. आज साली बदलल्या आहेत, एवढेच. जपानमध्ये १९८२ साली तेथील वनविभागाने ‘शिनरिन-योकु’ म्हणजे अरण्यस्नान ही कल्पना मांडली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली ताणतणावावरील उपचार म्हणून जागरूकतेचे वर्ग सुरू केले. दोन्ही उपक्रमांनी अनेकांना दिलासा दिला असेल, त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु त्यांची बाजारी रूपे आता आपल्याही किनाऱ्यावर येऊन पोचली आहेत. वाडीत दोन दिवस राहा, झाडाला मिठी मारा, मनःशांती घेऊन परत जा. त्या वाडीत टोकाला जाळी लावलेल्या लांब काठीने चिकू उतरविणारी बाई त्या शांतीच्या चित्रात कोठेच नसते. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहेच. मूळचे मध्य अमेरिकेकडील हे झाड येथे रुजले, ते येथील जमिनीमुळे, हवेमुळे आणि येथील हातांमुळे. हवा आणि जमीन मानांकनाच्या कागदावर लिहिली जाते. हातही लक्षात राहिले पाहिजेत.

सोपाऱ्यानेच या बाबतीत आणखी एक दाखला जपून ठेवला आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या आठव्या लेखाचा विषय काय? पूर्वीचे राजे विहारयात्रा करीत, म्हणजे शिकारीच्या आणि करमणुकीच्या सहली काढीत. अशोक राज्याभिषेकाच्या दहा वर्षांनंतर संबोधीला, म्हणजे बोधिवृक्षाच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून त्याने धम्मयात्रा सुरू केली. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांची भेट, जनपदातील सामान्य लोकांची भेट आणि त्यांच्याशी धम्मचर्चा होत असे. सहल तीच, वाटेतले रान तेच. पण हेतू बदलला की यात्रा बदलते. आपल्या शाळांतील निसर्गसहलींनी विहारयात्रा व्हायचे की धम्मयात्रा, हा निर्णय आपल्या हाती आहे.

मग पाहावयाचे म्हणजे नेमके काय? येथे मी पुस्तकांपेक्षा आपल्या विद्यार्थ्यांच्या आज्यांना अधिक मान देईन. पहिल्या पावसात रानात शेवळाचे कोंब वर येतात. भाजी रुचकर, पण नुसती शिजवून खाल्ली तर घशाला खाज सुटते. म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळे घालावी लागतात. शेवळ जमिनीतून येते, काकड झाडावर लागते. दोन्हींचा हंगाम एकच. ही जोडी कोणी जुळविली? कोणत्या प्रयोगशाळेत? अनेक पिढ्यांतील बायकांनी पाहिले, चाखले, चुकले, लक्षात ठेवले आणि मुलींना सांगितले. अनुभवाने पारखून घ्यावे, ही कालाम सुत्ताची शिकवण आपण भाषणांत सांगतो. शेवळाच्या भाजीत ती शिजत आलेली आहे.

दुसरे उदाहरण उंबराचे. पिंपळ, वड आणि उंबर ही एकाच कुळातील झाडे. त्यांची फुले बाहेर दिसत नाहीत. ती फळाच्या पोटातच असतात. चिलटाएवढ्या एका विशिष्ट जातीच्या माशीने आत शिरून परागीकरण केले, तरच बी धरते. आणि त्या माशीचा वंशही त्या फळाच्या आतच वाढतो. माशी नसेल तर उंबराचा वंश नाही, उंबर नसेल तर माशीचा नाही. प्रतीत्यसमुत्पाद शिकविताना शिक्षकाला फळ्यावर कितीही बाण काढावे लागतात. एक उंबर फोडून दाखविला, तर आठवीतल्या मुलाला ‘हे आहे म्हणून ते आहे’ याचा अर्थ कळतो. आणि बोधिवृक्षही याच नियमाने बांधलेला आहे, हे समजले की त्याची पूजा करण्यापेक्षा त्याला समजून घेणे अधिक आदराचे वाटू लागते. माघ-फाल्गुनात पळस पानांवाचून फुलतो, मोहाची पाने गळून फुले टपकू लागतात; अनित्यता हा शब्द न उच्चारताही ती डोळ्यांसमोर असते.

हे शिक्षण आपल्या भूमीला नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागडी परदेशी साधने बाजूला ठेवून त्यांनी बिया, पाने, शिंपले, खडे हीच शिक्षणसाधने केली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, म्हणून ‘कुरणशाळा’ काढली. आदिवासी मुलाला जे येते, तेथून शिकवायला सुरुवात करावी, हा त्यामागचा विचार होता. वर्गात ‘गप्प’ म्हणून नोंदले गेलेले मूल रानात वीस झाडांची नावे वारलीत घडाघडा सांगते, हा अनुभव या भागातील बहुतेक शिक्षकांना आहे. ते गप्प नसते. आपण त्याला त्याच्या माहितीचे काही विचारलेले नसते. जागरूकतेचा पहिला लाभ मुलापेक्षा शिक्षकाला व्हावा, असे मला वाटते.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. आदिवासी म्हणजे निसर्गाचे निरागस लेकरू, असे चित्र रंगवून त्याला तेथेच ठेवण्याची हौस अनेकांना असते. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी लग्नचौकाच्या भिंतीवरील तांदळाच्या पिठाची रेषा कागदावर आणली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रानाविषयीची जाण आणि जगात वावरण्याचे सामर्थ्य यांत विरोध नाही, हे त्यांच्या आयुष्याने दाखविले. आपल्या विद्यार्थ्याला शेवळही ओळखता यावे आणि संगणकही चालविता यावा. बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालयाला मिलिंद आणि त्या परिसराला नागसेनवन हे नाव दिले. विद्येच्या स्थानाला त्यांना वनाचे नाव द्यावेसे वाटले, हे विसरू नये.

जागरूकता अंतर्मनात राहून चालत नाही. ती नियमात उतरावी लागते, हाही धम्माचाच धडा आहे. विनयपिटकातील वर्षावासाची कथा पाहा. भिक्खू पावसाळ्यातही फिरत. हिरवे कोवळे अंकुर आणि बारीक जीव पायांखाली तुडविले जातात, अशी लोकांनी तक्रार केली. तथागतांनी ती ऐकली आणि पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम केला. वर्षावास आपण आषाढी पौर्णिमेपासून श्रद्धेने पाळतो. त्याच्या मुळाशी तुडविले गेलेले गवत आणि त्याबद्दल बोलणारे सामान्य लोक आहेत. अशोकाने पाचव्या स्तंभलेखात विनाकारण वने जाळू नयेत असे सांगितले, तर दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी औषधी वनस्पती लावल्याची नोंद केली. आपल्या काळात २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. आता वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणीही झाली. रोजगाराची आशा एका बाजूला, मच्छीमारांची आणि बागायतदारांची चिंता दुसऱ्या बाजूला. दहावीच्या मुलाने कोणत्या बाजूचे व्हावे, हे शाळेने ठरवू नये. परंतु त्याच्या उंबरठ्यावर काय घडते आहे, ते त्याला नीट पाहता यावे, ही जबाबदारी शाळेची आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून संघर्ष पेटला, त्यात युद्धाला विरोध केल्यामुळे सिद्धार्थाला गृहत्याग करावा लागला, अशी मांडणी बाबासाहेबांनी केली. पाणी, जमीन, जंगल यांचे प्रश्न धम्माच्या बाहेरचे नाहीत. धम्माचा आरंभच तेथे आहे.

या विचारातून आपल्या विद्यालयासाठी काही सूचना नम्रपणे मांडतो. पाचवीत प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला परिसरातील एक झाड नेमून द्यावे आणि दहावीपर्यंत ते त्याचे राहावे. आठवड्यातून तीन दिवस, सकाळच्या आनापानानंतर वीस मिनिटे मुलाने त्या झाडापाशी बसावे आणि काय दिसले, ते वहीत लिहावे. कविता लिहिण्याची सक्ती नको. पान कधी गळले, मुंग्या कोठून आल्या, कोणता पक्षी बसला, एवढे पुरे. झाडाचे नाव आधी घरच्या बोलीत, मग मराठीत, मग शास्त्रीय परिभाषेत लिहावे. वर्षातून एकदा त्या झाडाशी निगडित श्रमांची नोंद घ्यावी: त्याचे फळ, लाकूड, पान कोण गोळा करते, काय भावाने विकते, ते बाजारात काय भावाने जाते. गणिताच्या शिक्षकांनी त्यावर उदाहरणे घालावीत. ही माहिती घरी, सुट्टीत, आजीआजोबांना विचारून आणावी. म्हणजे अशोकाच्या धम्मयात्रेप्रमाणे वृद्धांची भेटही घडेल.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. बागकाम ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. उशिरा उठला म्हणून गवत उपटायला लावणे, म्हणजे आईबापांच्या वेठीची आठवण मुलाच्या अंगावर पुन्हा कोरणे होय. परिसरात काम होईल तेव्हा ते सर्वांनी करावे: शिक्षकांनी, पदाधिकाऱ्यांनी, आणि वर्धापनदिनाला येणाऱ्या पाहुण्यांनीसुद्धा. फावडे कोणाच्या हातात आणि छत्री कोणाच्या डोक्यावर, हे मुले बारकाईने पाहत असतात. समतेचा तास तेथेच घेतला जातो. प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे बाबासाहेबांना धम्मात एकत्र सापडली. झाडाकडे पाहून समज आली, पण त्याला पाणी घालणाऱ्याविषयी आस्था आली नाही, तर ती प्रज्ञा अपुरी आहे. आणि आस्था आली, पण पाण्याची बादली उचलण्याची पाळी नेहमी त्याच्याकडेच राहिली, तर ती करुणाही अपुरी आहे.

माजी विद्यार्थ्यांना वेगळी विनंती आहे. आपल्यापैकी अनेकजण आता बोईसर, वसई, ठाणे, मुंबई येथे नोकरी करतात. वर्धापनदिनाला येताना देणगी आणावीच. पण गावच्या एखाद्या दुर्मीळ होत चाललेल्या झाडाचे बी, आणि त्याबद्दल आईने सांगितलेली माहिती, हीही देणगी समजावी. वसतिगृहातील मुलाजवळ अर्धा तास बसून त्याची वही वाचावी. तुमच्या भाषणापेक्षा त्याला ते अधिक काळ लक्षात राहील.

कोसंबीजवळच्या सिंसपावनात, म्हणजे शिसवाच्या जातीच्या झाडांच्या वनात, तथागतांनी एकदा मूठभर पाने उचलून भिक्खूंना विचारले, की ही पाने अधिक की वनातील? उत्तर उघड होते. मग त्यांनी समजावून सांगितले, की आपल्याला ठाऊक असलेले पुष्कळ आहे. शिकविले ते मुठीएवढे, कारण दुःख आणि दुःखमुक्ती यांच्याशी संबंध आहे तो तेवढ्याचाच. शाळेलाही हाच नियम लागू करावा. निसर्गाविषयी मुलांना सांगण्यासारखे पुष्कळ आहे. सगळे सांगणे शक्य नाही, आवश्यकही नाही. मूठभर पाने निवडावीत, पण ती अशी निवडावीत की ज्यांच्यामुळे मुलाला स्वतःच्या मनातील दुःख ओळखता येईल, आईच्या तळहाताच्या घट्ट्यांचा अर्थ कळेल, आणि ते दूर करण्याची उमेद मिळेल. आपल्या आवारातील झाडांनी सावली देण्याचे काम केव्हाच सुरू केले आहे. त्या सावलीत बसणाऱ्या मुलाची नजर शेतापर्यंत पोचविणे, हे काम आपले आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.